रस्किनचा न्याय आणि मजुरीचा भाव

काही ग्रंथांचे भाग्य विलक्षण असते. ज्यांच्यासाठी ते लिहिले जातात ते त्यांस झिडकारतात, आणि ज्यांचे नावगावही ग्रंथकर्त्यास ठाऊक नसते ते त्यांस उराशी धरतात. जॉन रस्किन याचे 'अन्टू धिस लास्ट' हे चिमुकले पुस्तक या जातीचे होय. १८६० सालच्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत त्यातील चार निबंध 'कॉर्नहिल मॅगझिन' या मासिकात प्रसिद्ध झाले. मासिकाचा संपादक कादंबरीकार थॅकरे. वाचक म्हणजे खाऊनपिऊन सुखी असा इंग्रज मध्यम वर्ग. चित्रे, शिल्पे व जुनी मंदिरे यांविषयी रसाळ वाणीने बोलणारा हा पंडित एकाएकी मजुरीच्या दराविषयी बोलू लागला, हे त्या वर्गास मुळीच मानवले नाही. ओरड एवढी झाली की चौथ्या निबंधानंतर लेखमाला आवरती घ्यावी लागली. १८६२ साली निबंधांचे पुस्तक निघाले. परंतु त्याच्या प्रती वर्षानुवर्षे तशाच पडून राहिल्या.

पुढे १९०४ साली पोलक नावाच्या मित्राने हे पुस्तक जोहान्सबर्गच्या स्टेशनावर गांधींच्या हाती ठेवले, आणि दरबानपर्यंतच्या प्रवासात त्यांनी ते खाली ठेवले नाही. त्यातून फीनिक्सची वसाहत निघाली, १९०८ साली 'सर्वोदय' या नावाने त्याचा गुजराती सारांश निघाला, आणि लंडनच्या दिवाणखान्यांनी नाकारलेले पुस्तक हिंदुस्थानात पूज्य होऊन बसले. पूज्य ग्रंथांचे एक दुर्दैव असते. त्यांस हार घातले जातात, पण त्यांच्याशी वाद घातला जात नाही. प्रस्तुत लेखात हा वाद घालण्याचे आम्ही योजिले आहे. मजुरीचा प्रश्न रस्किनने बाजारातून उचलून न्यायासनापुढे आणला, हे त्याचे थोर कार्य आम्हांस मान्य आहे. परंतु त्या न्यायासनावर त्याने मालकासच बसविले, ही त्याच्या ग्रंथातील मोठी उणीव आहे, आणि तिचे परिणाम पुस्तकाबाहेरही दिसून आले आहेत.

प्रथम ग्रंथकाराचे म्हणणे त्याच्याच बाजूने मांडले पाहिजे. रस्किन लिहीत होता त्या सुमारास लंडनच्या इमारत-कामगारांचा नऊ तासांच्या दिवसासाठी मोठा झगडा नुकताच होऊन गेला होता. संपाच्या ऐन वेळी अर्थशास्त्र मुके का होते, हा त्याचा पहिला प्रश्न आहे. मजुरी ही मागणी व पुरवठा यांच्या तराजूत आपोआप ठरते, तीत मनुष्याच्या इच्छेस वाव नाही, असे तेव्हाचे शास्त्र सांगे. यावर रस्किनने मोठ्या मार्मिकपणे उत्तर दिले आहे. समाजात जी कामे आपण खरोखर महत्त्वाची मानतो त्यांचा दर आपण लिलावाने ठरवीत नाही, हे तो दाखवून देतो. बिशपची जागा रिकामी झाली म्हणजे सर्वांत स्वस्त बिशप कोण मिळेल याची कोणी चौकशी करीत नाही. घरात दुखणे आले म्हणजे वैद्यांची फी तोलून पाहत कोणी गावभर हिंडत नाही. या मंडळींचे दर ठरलेले असतात, उमेदवार कितीही असोत. चांगल्या-वाईटाची निवड होते ती दर पाडून नव्हे, तर चांगल्यास काम देऊन व वाईटास न देऊन. मग जो नियम वैद्यास लागू पडतो तो गवंड्यास का पडू नये?

या युक्तिवादाचे सामर्थ्य असे की तो गरिबाच्या दयेवर उभा नाही. येथे रस्किन श्रीमंतास 'दान कर' असे सांगत नाही. 'स्वतःसाठी जो नियम तू गृहीत धरतोस तोच दुसऱ्यास लाव' एवढेच सांगतो. तिसऱ्या निबंधात तो याच्याही पुढे जातो. काम एक व ते मागणारे दोघे असले आणि दोघेही एकमेकांवर कडी करीत दर उतरवू लागले, तर एकाचे काम अर्ध्या दामात होते व उरलेला अर्धा दाम मालकाच्या खिशात राहतो. न्याय्य दर दिला असता तर तोच पैसा मजुराच्या हाती येऊन त्यानेही कोणाला तरी काम दिले असते. म्हणजे अन्यायाच्या मजुरीने एकाचे पोट मारले जाते इतकेच नव्हे, तर माणसांना राबविण्याची सत्ता एका हातात साचत जाते. राष्ट्राची श्रीमंती तिजोरीवरून न मोजता त्यात धडधाकट व समाधानी माणसे किती नांदतात यावरून मोजावी, हा चौथ्या निबंधाचा निष्कर्ष याच विचारातून निघालेला आहे. एकशेसाठांहून अधिक वर्षे लोटली तरी या भागाची धार गेलेली नाही.

आता ग्रंथाच्या नावाकडे वळू. हे नाव बायबलातील एका दृष्टांतावरून घेतले आहे. द्राक्षमळ्याचा एक धनी पहाटे मजूर सांगतो व दिवसाचे एक नाणे ठरवितो. पुढे दिवसभर तो आणखी मजूर लावीत राहतो. काही तर सूर्य मावळायला घटका दोन घटका उरल्या असता येतात. संध्याकाळी सर्वांस सारखेच एक नाणे मिळते. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात, तेव्हा धनी म्हणतो की तुमचे ठरलेले तुम्हांस मिळाले. या शेवटच्यासही तेवढेच द्यावे अशी माझी इच्छा आहे, आणि माझ्या धनाचे मी काय करावे हा माझा अधिकार आहे.

या दृष्टांतात दोन निरनिराळी तत्त्वे एकत्र गुंफलेली आहेत, आणि रस्किनने ती वेगळी केली नाहीत. पहिले तत्त्व गरजेचे. उशिरा आलेल्या मजुरासही घरी मुलेबाळे आहेत. दिवसाच्या भाकरीला एक नाणे लागते, म्हणून पाव नाणे देऊन भागणार नाही. किमान वेतनाच्या साऱ्या कल्पनेचे बीज येथे आहे. दुसरे तत्त्व कृपेचे. धनी देतो तो त्याला द्यावेसे वाटते म्हणून. मजुराचा त्यावर हक्क असा काही नाही. आज धन्याचे मन मोठे आहे. उद्या सकाळी मळा त्याच्या कद्रू मुलाच्या हाती गेला तर? दृष्टांत धर्मोपदेशाचा आहे, त्यातील धनी परमेश्वर आहे, आणि परमेश्वराच्या कृपेवर भक्ताने विसंबावे हे योग्यच. परंतु गिरणीचा मालक परमेश्वर नव्हे. धर्मातील रूपक अर्थकारणात जसेच्या तसे आणले म्हणजे मालकाच्या अंगी देवपण येते व मजुराच्या वाट्यास भक्ताचे दैन्य. रस्किनच्या ग्रंथात नेमके हेच झाले आहे.

पहिल्या निबंधाचा शेवट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. व्यापाऱ्याने वा कारखानदाराने आपल्या कामगारांशी कसे वागावे? पोटच्या मुलास त्याच कामावर ठेवण्याची वेळ आली असती तर त्याच्याशी जसे वागला असता तसे. जहाज बुडू लागले म्हणजे कप्तान जसा सर्वांच्या शेवटी ते सोडतो, तसे संकटकाळी मालकाने कामगारांपेक्षा अधिक सोसावे. विचार उदात्त आहे यात शंका नाही. परंतु कप्तान आधीच होडीत बसून निघून गेला तर खलाशांनी काय करावे, याचे उत्तर या पुस्तकात नाही. प्रस्तावनेत सरकारी शाळा, ठराविक वेतनाच्या सरकारी कर्मशाळा व वृद्धांची तरतूद यांचा उल्लेख आहे, हे खरे. तेवढ्यापुरता सरकारचा हात रस्किनला मान्य होता. पण मजुरांनी स्वतः एकत्र येऊन आपला भाव ठरवावा, या कल्पनेस त्याच्या व्यवस्थेत जागा नाही. त्याचे कामगार पितृछत्राखालील मुले आहेत. मुलांची प्रौढ माणसे होऊन ती बापासमोर हिशेबाची वही घेऊन बसलेली त्याला कल्पिता आली नाहीत.

याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. आपल्याकडे पुष्कळांची अशी समजूत दिसते की रस्किन समतावादी होता. वस्तुतः समता अशक्य आहे, काही माणसे इतरांहून श्रेष्ठ असतात व त्यांनी इतरांस मार्ग दाखवावा, असे तो याच निबंधांत निक्षून सांगतो. त्याला सारखे वेतन हवे होते ते एकाच धंद्यातील कारागिरांस. वकिलाच्या कामाचे मोल न्हाव्याच्या कामाइतकेच, कारण पोट भरण्याचा अधिकार दोघांस सारखा, हा जो सिद्धांत गांधींनी या ग्रंथातून काढला तो ग्रंथात एवढ्या स्पष्टपणे नाही. तो वाचकाने ग्रंथास दिलेला आहे. फीनिक्सच्या छापखान्यात गोऱ्याकाळ्याचा भेद न ठेवता प्रत्येकास दरमहा तीन पौंड ठरविले गेले, ही रस्किनची शिकवण म्हणण्यापेक्षा त्याच्या पुढचे पाऊल म्हणणे अधिक योग्य. थोर वाचक ग्रंथात जे वाचतो ते कधीकधी ग्रंथकाराच्याही आवाक्याबाहेरचे असते.

मालकाच्या अंतःकरणावर सोपविलेल्या न्यायाचे काय होते, याचा पुरावा इंग्लंडातच मिळाला. १९०९ साली तेथे 'ट्रेड बोर्ड्स' कायदा झाला. जेथे मजुरी अत्यंत हलकी व संघटना जवळजवळ नाही, अशा साखळ्या, कागदी पेट्या, लेस व तयार कपडे यांच्या धंद्यांत किमान दर बांधून देण्यासाठी मंडळे नेमण्यात आली. बर्मिंगहॅमजवळ क्रॅडली हीथ येथे बायका घराच्या मागील परसात लहानशा भट्टीवर लोखंडी साखळ्या घडवीत. त्यांच्यासाठी मंडळाने ताशी अडीच पेन्सचा दर ठरविला. पुष्कळींच्या बाबतीत ही मजुरीची जवळजवळ दुप्पट होती. मग मालकांनी काय करावे? कायद्यात काही महिन्यांची सवलत होती. तिचा आधार घेऊन त्यांनी अक्षरशत्रू बायकांकडून 'आम्हांस जुनाच दर मान्य आहे' अशा कागदांवर अंगठे घेतले. न्याय कायद्यात उतरला होता, तरीही तो भट्टीपर्यंत पोचला नाही. तो पोचला १९१० साली, जेव्हा मेरी मॅकार्थर हिच्या नेतृत्वाखाली त्या बायका सुमारे दहा आठवडे संपावर बसल्या व सर्व मालकांस दर मान्य करावयास लावून उठल्या. त्यांनी नवा कायदा मागितला नव्हता. झालेला कायदा पाळा, एवढीच त्यांची मागणी होती.

आठ वर्षांनी अहमदाबादेस जे घडले ते तर रस्किनच्या ग्रंथाची जिवंत परीक्षाच म्हणावी लागेल, कारण तेथे दोन्ही बाजूंस सज्जन होते. १९१७ साली प्लेगमुळे कामगार गाव सोडू लागले, तेव्हा त्यांस थोपविण्यासाठी मालकांनी भरघोस प्लेग-बोनस सुरू केला. साथ ओसरताच १९१८ च्या आरंभी तो बंद करण्याचे ठरले. पण महायुद्धाची महागाई ओसरली नव्हती. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई हे उदार व सुसंस्कृत गृहस्थ, गांधींच्या आश्रमास अडचणीच्या वेळी साहाय्य केलेले. कामगारांच्या बाजूने उभी राहिली ती त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. पितृभावाने वागणारा मालक रस्किनला हवा होता. त्याहून चांगला नमुना त्याला कोठे मिळाला असता? तरीही मालकांनी २० टक्क्यांच्या वर जाण्याचे नाकारले व २२ फेब्रुवारी रोजी टाळेबंदी केली.

या लढ्यात गांधींनी जी पहिली गोष्ट केली ती आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. त्यांनी हिशेब केला. कामगार ५० टक्के वाढ मागत होते. गांधी व त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या गिरण्यांतील मजुरी, महागाई व मालकांची स्थिती यांची चौकशी केली व ३५ टक्के हा आकडा न्याय्य ठरविला. मग कामगारांकडून ५० चा आग्रह सोडवून ३५ ची प्रतिज्ञा घेवविली. साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा भरे व रोज एक पत्रक वाटले जाई. कामगारांचा धीर सुटू लागला तेव्हा गांधींनी उपवास आरंभिला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे १८ मार्चला, तडजोड झाली. पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी २०, म्हणजे मालकांची राहिली. तिसऱ्या दिवसापासून पंचांचा निवाडा होईपर्यंत साडेसत्तावीस. पंच नेमले होते आनंदशंकर ध्रुव, संस्कृताचे व तत्त्वज्ञानाचे गाढे पंडित. त्यांनी निवाडा दिला तो ३५ टक्क्यांचाच.

या उपवासाने मालकांवर अनुचित दडपण आले, हे गांधींनी स्वतः आत्मकथेत कबूल केले आहे. त्या कबुलीतच रस्किनच्या पद्धतीचे मर्म व मर्यादा दोन्ही दिसतात. अंतःकरणास आवाहन करावयाचे तर प्राण पणास लावणारा कोणी महापुरुष लागतो, आणि तो प्रत्येक गिरणीच्या दाराशी प्रत्येक वर्षी कसा मिळावा? म्हणूनच १९२० साली तेथे मजूर महाजन हा कायमचा संघ स्थापन झाला, आणि वाद पंचांपुढे नेण्याची रीत रूढ झाली. एका माणसाच्या उपवासाची जागा संस्थेच्या रोजच्या कारभाराने घेतली. रस्किनच्या शिष्यानेच गुरूच्या ग्रंथात नसलेले प्रकरण लिहिले ते असे.

हिंदुस्थानच्या कायद्यात हे प्रकरण पुढे चालू राहिले. किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले ते तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. १९४८ साली त्याचा कायदा झाला. मौज अशी की 'किमान वेतन' म्हणजे किती, याची व्याख्या त्या कायद्यात नव्हती. सरकारने त्याच सुमारास नेमलेल्या वाजवी वेतन समितीने तीन पायऱ्या सांगितल्या: किमान वेतन, वाजवी वेतन व निर्वाह वेतन. आकड्यांचा सांगाडा मिळाला तो १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत. एका मिळवत्याच्या मागे तीन जणांइतका खाण्याचा खर्च धरावा, आणि तो धरताना बायकोची व मुलांची कमाई जमेस घेऊ नये, अन्न डॉ. आयक्रॉइड यांच्या शिफारशीप्रमाणे. कापड दर माणशी वर्षाला १८ वार, म्हणजे चौघांच्या कुटुंबास ७२ वार. घरभाडे सरकारी औद्योगिक वसाहतींच्या दराने. सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चास एकंदर वेतनाचा पाचवा हिस्सा. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने यात आणखी २५ टक्क्यांची भर घालण्यास सांगितले: मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार व करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी.

साहित्याच्या मासिकात ही कोष्टके कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की रस्किनच्या चौथ्या निबंधाचे हे खरे भाषांतर आहे. जीवन हीच संपत्ती, असे तो सांगतो आणि वाचकाचे हृदय क्षणभर हेलावते. पण जीवन म्हणजे किती वार कापड? म्हातारपणाला किती, दिवाळीला किती? हे प्रश्न नीरस वाटतात खरे. परंतु १८ वारांत लुगडे, धोतर, पोरांचे कपडे व वर्षभराचे पांघरूण बसवू पाहणाऱ्या बाईस त्यांहून अधिक रसाचा प्रश्न दुसरा नाही. रस्किनचे गद्य भव्य आहे. त्याच्यापुढे श्रम परिषदेचा ठराव रुक्ष आहे. तथापि न्यायाला शेवटी आकड्याचे रूप घ्यावे लागते, आणि जो आकडा सांगण्याचे टाळतो त्याचा न्याय वक्त्याच्या तोंडीच राहतो.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. दर वर बांधला तर मालक माणसेच कमी लावील, आणि ज्याच्यासाठी कायदा केला तोच बेकार होईल, असे अर्थशास्त्राचे जुने म्हणणे आहे. ते सर्वस्वी पोकळ नाही. दर कोठे बांधावा याचा विवेक ठेवलाच पाहिजे. परंतु अनुभव या भीतीस सर्वत्र दुजोरा देत नाही. १९९२ साली अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानाने किमान दर ताशी सव्वाचार डॉलरांवरून पाच डॉलर पाच सेंटांवर नेला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नेला नाही. डेव्हिड कार्ड व अॅलन क्रूगर यांनी दोहोंकडील उपाहारगृहांची तुलना केली. न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांस आढळले नाही. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. तथापि २०२१ साली कार्ड यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो ज्या संशोधनाबद्दल, त्यात हेही होते. मागणी-पुरवठ्याचा तराजू रस्किनच्या काळी समजत तितका आपोआप चालत नाही. त्याच्या पारड्यावर कोणाचा तरी हात असतो, एवढे तरी आता मान्य होण्यास हरकत नाही.

उलट बाजूने, कायदा व संघटना ही सर्वरोगहर मात्रा आहे असेही आमचे म्हणणे नाही. मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांनी १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला, त्याच्या मुळाशी वेतनाबरोबर हाही प्रश्न होता की वाटाघाटी करण्याचा हक्क कोणाचा. कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने तो हक्क एकाच मान्य युनियनला दिला होता, आणि कामगार तिच्या मागे राहिले नव्हते. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला, आणि त्याच्याबरोबर गिरणगावही. त्याच १९८२ साली एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणे ही संविधानाच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठच होय. एकाच वर्षी कायद्याने एका हाताने काय दिले व दुसऱ्या हाताने काय अडविले, हे यावरून दिसेल. १९४८ च्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. ठराविक धंद्यांची यादी जाऊन किमान वेतनाचा अधिकार व्यापक झाला आहे. पण क्रॅडली हीथचा धडा जुना झालेला नाही. कागदावरील दर भट्टीपर्यंत नेणारे कोणी असल्याशिवाय तो कागदावरच राहतो.

शेवटी आम्ही रस्किनच्या ज्या युक्तिवादाची सर्वाधिक प्रशंसा केली त्याकडेच परत येतो, कारण तो आपणा मध्यमवर्गीयांस थेट लागू पडतो. वैद्य, धर्मोपदेशक, अधिकारी यांचा दर लिलावाने ठरत नाही, असे तो म्हणाला. आमच्या प्राध्यापकवर्गाचे वेतन असेच श्रेणीने ठरते. त्यात महागाई भत्ता मिळतो, रजा मिळते, आजारपणाचे खाडे कापले जात नाहीत. हे सारे आपणांस इतके स्वाभाविक वाटते की त्यामागेही संघटना व कायदा उभे आहेत, याचा विसर पडतो. परंतु त्याच महाविद्यालयांत आज तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण अध्यापक तेच विषय, तेवढ्याच विद्वत्तेने, मोजक्या तासांच्या मोबदल्यात शिकवीत असतात. सुटी लागली की त्यांची मिळकत थांबते. म्हणजे जो धंदा रस्किनने सुरक्षित म्हणून दाखला दिला त्यातही लिलाव शिरला आहे. गवंड्याच्या दारी आलेले पाणी आपल्या उंबऱ्याशी येणार नाही, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि त्याच उंबऱ्याच्या आत पाहावे. १९८० साली पुण्यात धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी संप केला व त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. त्यांना पगारवाढ हवी होती, हक्काची रजा हवी होती. ज्या घरांसमोर हा प्रश्न उभा राहिला ती घरे शिकल्यासवरल्यांची होती. त्यांतील कित्येकांच्या कपाटात गांधींची आत्मकथा असेल, तीत रस्किनवरचे प्रकरणही असेल. त्या घरांतील माणसे दुष्ट नव्हती. सणाला साडी, मुलांना जुनी पुस्तके, दुखण्याखुपण्यात उसने पैसे, हे सर्व ती देत असत व आजही देतात. परंतु ते दृष्टांतातील धन्याचे देणे होय: देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असलेले. महिन्याला दोन सुट्या खाडा न कापता मिळतील, दर वर्षी दर वाढेल, आणि म्हातारपणी हात थकले तर त्याचीही काही तजवीज असेल, हे ठरलेले असणे वेगळे. पहिल्याने मन कृतज्ञ होते. दुसऱ्याने मान ताठ राहते. मजुरीच्या प्रश्नात हा भेद आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच रस्किनच्या नजरेतून निसटला.

एवढे म्हटल्यावरही हे पुस्तक वाचावे, असेच आम्ही वाचकांस सांगू. इंग्रजी गद्याचा असा ओघ व नैतिक संतापाचे असे तेज एकत्र क्वचितच सापडते. आणि मजुरी हा केवळ बाजारभाव नव्हे, हे त्याच्याइतक्या निर्भयपणे त्याच्या काळी थोड्यांनीच सांगितले. मात्र ते वाचताना समोर एक कोरा कागद ठेवावा. आपल्या घरी राबणाऱ्या बाईस आपण महिन्याला काय देतो, ती किती घरची कामे करते, तिच्या घरी खाणारी तोंडे किती, आणि १९५७ च्या कोष्टकाप्रमाणे त्यांच्या अन्नाला, कापडाला, भाड्याला आजच्या दराने किती लागेल, हे त्यावर मांडावे. मग येणारी बेरीज तिच्याशी बोलून ठरवावी, तिच्यासाठी म्हणून एकट्याने नव्हे. रस्किनने न वापरलेला हा रकाना वाचकांनीच भरावयाचा आहे.